वर्ग भरलाच नाही, पण सगळे पास

अमेरिकेतल्या एका नामांकित सरकारी विद्यापीठात १८ वर्षं असे वर्ग चालू होते, जे कधी भरलेच नाहीत. वेळापत्रकात तास लिहिलेला असायचा, पण तास व्हायचा नाही. हजेरी नाही, व्याख्यान नाही, प्राध्यापकाचं तोंड पाहायचीही गरज नाही. सत्राच्या शेवटी एक लांबलचक निबंध तेवढा आणून द्यायचा. तो तपासायची विभागाच्या कार्यालयातली एक प्रशासकीय कर्मचारी, आणि मार्कांच्या बाबतीत तिचा हात भलताच सढळ होता.

हे विद्यापीठ म्हणजे चॅपल हिल इथलं युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना. बास्केटबॉलचा मायकेल जॉर्डन १९८०च्या दशकात इथूनच पुढे आला. माजी सरकारी वकील केनेथ वेनस्टाईन यांनी या वर्गांची चौकशी करून ऑक्टोबर २०१४मध्ये अहवाल दिला. १९९३ ते २०११ या काळात ३,१००पेक्षा जास्त विद्यार्थ्यांनी असा निदान एक वर्ग 'केला' होता. या वर्गांतल्या जवळपास निम्म्या जागा विद्यापीठाच्या संघांतून खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेल्या होत्या. एकूण विद्यार्थ्यांमध्ये मात्र खेळाडू मूठभरच. २०११च्या उन्हाळ्यात अशा एका वर्गात १९ जण होते. त्यांतले १८ फुटबॉल संघातले आणि उरलेला एक त्याच संघाचा माजी खेळाडू.

ती कर्मचारी २००९मध्ये निवृत्त झाली, तेव्हा खेळाडूंच्या शैक्षणिक सल्लागारांची झोप उडाली. त्यांनी फुटबॉलच्या प्रशिक्षकांसमोर चक्क एक स्लाइड लावली. तिचा मतलब असा होता: आपण मुलांना ज्या वर्गांत घालत होतो तिथे त्यांना जावं लागत नव्हतं, वही उघडावी लागत नव्हती, जागं राहावं लागत नव्हतं, ते वर्ग आता राहिले नाहीत. मी सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, माझा निम्मा दिवस स्लाइड पाहण्यात जातो. माणूस स्लाइडवर तेच लिहितो, जे लपवण्यासारखं आहे असं त्याला वाटत नाही. त्या खोलीत कुणाला लाज वाटली नाही, हे मला त्या १८ वर्षांपेक्षाही भयंकर वाटतं.

आता शिक्षा काय झाली ते ऐका.

अमेरिकेत कॉलेजांच्या खेळांचा कारभार एनसीएए नावाची संघटना पाहते. विद्यापीठंच तिची सभासद. तिने तीन वर्षांहून जास्त काळ चौकशी केली आणि ऑक्टोबर २०१७मध्ये निकाल दिला: शैक्षणिक गैरव्यवहाराचा नियम मोडला असं म्हणता येत नाही. का? तर हे वर्ग फक्त खेळाडूंसाठी नव्हते, कुणीही विद्यार्थी त्यांना बसू शकत होता. म्हणजे खेळाडूंना 'खास' फायदा मिळाला नाही. शिवाय कुठला अभ्यासक्रम खरा आणि कुठला फसवा, हे ठरवणं ज्या त्या विद्यापीठाचं काम, आमचं नव्हे. चौकशीला सहकार्य केलं नाही म्हणून विभागाच्या माजी प्रमुखांवर कारवाई झाली. विद्यापीठ मोकळं. २००५ आणि २००९ची राष्ट्रीय अजिंक्यपदं जिथल्या तिथे. चौकशी चालू असतानाच, एप्रिल २०१७मध्ये, आणखी एक अजिंक्यपद पदरात पडलं.

यातला सर्वांत चीड आणणारा भाग अजून सांगितलेला नाही. विद्यापीठांना मान्यता देणाऱ्या संस्थेने आधी जाब विचारला होता. तिच्यापुढे या विद्यापीठाने 'शैक्षणिक फसवणूक' असे शब्द स्वतः वापरले होते. त्या संस्थेने २०१५मध्ये एक वर्ष देखरेखीखाली ठेवलं आणि सोडून दिलं. पुढे एनसीएएसमोर, जिथे बक्षिसं आणि पैसा पणाला होता, तिथे विद्यापीठ म्हणालं की ते शब्द चुकून लिहिले गेले. एका दारात गुन्हा कबूल, दुसऱ्या दारात टायपिंगची चूक. दोन्ही दारांतून सुटका.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉलशी आपला काय संबंध? माझा संबंध कामामुळे आला. आमचे क्लायंट अमेरिकन. दर मार्च महिन्यात तिकडची मंडळी कॉलेजांच्या स्पर्धेवर पैजा लावतात, मिटिंगची सुरुवात त्याच गप्पांनी होते. मी उत्सुकतेपोटी वाचायला बसलो आणि वाचत गेलो. खेळाबद्दल मला फार कळत नाही. पण कसोटी कुणाची घ्यायची आणि कुणाला सोडायचं, हा प्रश्न मला चांगला कळतो. तुम्हालाही कळत असणार.

माझं म्हणणं सरळ आहे. अमेरिकेत खेळाडूंच्या शिक्षणाचा घोटाळा बाहेर आला की कसोटी कडक होते ती मुलांसाठी. संस्थेसाठी कधीच नाही. मुलगा कमी शिकला तर मुलगा अपात्र. संस्थेने शिकवलंच नाही तर तो तिचा अंतर्गत मामला.

हे आजचं नाही. १९८३मध्ये एनसीएएने एक नियम मंजूर केला, जो १९८६पासून लागू झाला. शाळेतल्या ११ मूळ विषयांत ठरावीक सरासरी आणि एसएटी परीक्षेत किमान ७०० गुण असतील, तरच पहिल्या वर्षी खेळायला मिळेल. ऐकायला रास्त वाटतं. पण या नियमाने सर्वांत जास्त बाहेर पडली ती गरीब वस्त्यांतल्या पडक्या शाळांतून आलेली कृष्णवर्णीय मुलं. १९८९मध्ये त्याच्यापुढचं पाऊल आलं: अशा मुलांना शिष्यवृत्तीही द्यायची नाही. तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन १४ जानेवारी १९८९ रोजी सामना सुरू होण्याआधी मैदान सोडून निघून गेले. ते स्वतः कृष्णवर्णीय होते, नावाजलेले होते, राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलेले होते. सगळ्या देशाने पाहिलं आणि एनसीएएला तो नियम लांबणीवर टाकावा लागला.

थॉम्पसन अभ्यासाच्या विरोधात होते असं कुणी समजू नये. त्यांच्या संघासोबत मेरी फेनलन नावाच्या बाई असायच्या. खेळाडूंच्या अभ्यासाची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि सामन्यात त्या संघाच्या बाकावर बसायच्या. थॉम्पसन यांच्या टेबलावर हवा गेलेला एक बास्केटबॉल असायचा. एक दिवस चेंडूतली हवा जाणार, मग तुझ्याकडे काय उरेल, हे पोरांना दिसत राहावं म्हणून. चार वर्षं टिकलेले त्यांचे जवळपास सगळे खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडले. त्यांनी दार बंद केलं नाही आणि आत आलेल्याला वाऱ्यावरही सोडलं नाही. कसोटी म्हणतात ती याला. इथे परीक्षा प्रशिक्षक देत होता.

उलट उदाहरण केविन रॉस यांचं. १९७८मध्ये नेब्रास्का राज्यातल्या क्रेटन विद्यापीठाने त्यांना बास्केटबॉलसाठी घेतलं. प्रवेश परीक्षेत ३६पैकी ९ गुण. तिथे येणाऱ्या मुलांची सरासरी २३च्या वर. विद्यापीठाला हे ठाऊक होतं. चार वर्षं त्यांना नेमबाजी, बास्केटबॉलचं तंत्र असल्या विषयांत बसवलं. १९८२मध्ये ते बाहेर पडले तेव्हा पदवी नव्हती आणि वाचन सातवीच्या मुलाइतकं होतं. मग उंचापुरा तो तरुण शिकागोतल्या मार्वा कॉलिन्स यांच्या शाळेत लहान मुलांच्या बाकावर बसून वर्षभर शिकला. पुढे त्यांनी दावा लावला. १९९२मध्ये अपील न्यायालय म्हणालं की शिक्षणाचा दर्जा कमी होता म्हणून भरपाई मागता येणार नाही. शिक्षण देण्याचं वचन देऊन त्यांना त्यात खराखुरा भागच घेऊ दिला नाही, एवढ्याच अरुंद मुद्द्यावर दावा चालेल. संस्थेला जबाबदार धरायची वाट कायद्यानेही किती चिंचोळी ठेवली आहे, ते यातून कळतं.

शब्दांचा खेळही पाहा. 'स्टुडंट-अ‍ॅथलीट' हा शब्द ऐकायला किती सुंदर: आधी विद्यार्थी, मग खेळाडू. एनसीएएचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच लिहून ठेवलं की हा शब्द १९५०च्या दशकात भरपाईच्या दाव्यांपासून बचाव म्हणून घडवला. त्याच काळात, १९५५मध्ये, कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजचे खेळाडू रे डेनिसन फुटबॉलच्या मैदानावर डोक्याला मार लागून गेले. त्यांच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली; कॉलेजचा फुटबॉल हा काही धंदा नाही, म्हणून. म्हणजे नुकसानभरपाई मागितली की तू विद्यार्थी. आणि शिक्षण मागितलं की? त्याचं उत्तर २०१४मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे फुटबॉलपटू केन कोल्टर यांनी सुनावणीत दिलं. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी लागणारा रसायनशास्त्राचा वर्ग सकाळच्या सरावाच्या वेळेत आला, म्हणून तो घेता आला नाही. शेवटी मानसशास्त्रात पदवी घेतली. खेळासाठी आठवड्याला २० तासांची मर्यादा नियमात १९९१पासून आहे. त्या सुनावणीत दिसलं की हंगामात खेळाडूंचे ४० ते ५० तास त्यात जातात. ज्यांनी इंजिनीअरिंग केलंय त्यांनी कल्पना करावी: दुपारची प्रॅक्टिकल्स, टर्मवर्क, सबमिशन, ओरल आणि वर हे ५० तास. कुठली शाखा निवडाल? जिची वेळ जुळते ती. आवडीचा प्रश्नच उरत नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. २००४च्या सुमारास एनसीएएने एक नवं मोजमाप आणलं. शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक खेळाडूमागे दर सत्राला दोन गुण: तो खेळायला पात्र राहिला तर एक, कॉलेजात टिकला तर एक. संघाची बेरीज १,०००च्या पट्टीवर मांडायची. ९३०च्या खाली गेलात तर शिक्षा. याचा दणका बसल्याचं उदाहरणही आहे: कनेटिकट विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाला २०१३च्या स्पर्धेत खेळता आलं नाही. पुढच्याच वर्षी तो संघ अजिंक्य ठरला, हा भाग वेगळा.

पण हे यंत्र काय मोजतं ते नीट पाहा. मुलगा पात्र आहे का आणि हजर आहे का. तो काय शिकला, हे कुठेच मोजलं जात नाही. आणि पात्रता कशावर ठरते? विद्यापीठाने दिलेल्या मार्कांवर. म्हणजे ज्याची तपासणी करायची त्यानेच आकडे भरायचे. आमच्याकडे एखाद्या टीमने स्वतःच्या कोडच्या टेस्ट अशा लिहिल्या, की काहीही झालं तरी हिरवा दिवाच लागेल, तर पहिल्या रिव्ह्यूमध्ये बाहेरचा माणूस ते पकडतो. इथे बाहेरचा माणूसच नाही. चॅपल हिलमधले ते न भरणारे वर्ग या नव्या मोजमापानंतरही २०११पर्यंत चालू होते. यंत्राने हूं की चूं केलं नाही. उलट ते वर्ग यंत्राचं पोट भरत होते: मार्क चांगले, मुलगा पात्र, मुलगा टिकला, दोन पूर्ण गुण. मोजमाप वाढलं की फसवणूक कमी होतेच असं नाही. कधी कधी मोजमापच फसवणुकीला गिऱ्हाईक मिळवून देतं.

मग हे उघडकीला आणलं कुणी? रॅली शहरातल्या 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर' या स्थानिक वर्तमानपत्राने आणि त्याचे वार्ताहर डॅन केन यांनी. आणि मेरी विलिंगहॅम यांनी, ज्या विद्यापीठातच खेळाडूंना वाचायला-लिहायला मदत करायच्या. विलिंगहॅम यांच्या आकडेमोडीवर बाहेरच्या तज्ज्ञांनीही शंका घेतल्या. पण वर्ग भरत नव्हते, हा त्यांचा मूळ मुद्दा खरा ठरला. २०१४मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. पुढच्या वर्षी विद्यापीठाने पैसे देऊन त्यांचा दावा मिटवला. खोटे मार्क देणाऱ्या व्यवस्थेला १८ वर्षं धक्का लागला नाही. खरं बोलणारी बाई मात्र तिथे टिकू शकली नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याला विशेष लागली पाहिजे. हे वर्ग कोणत्या विभागात चालत होते? आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागात. १९६०च्या दशकाच्या शेवटी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आंदोलनं केली, तेव्हा कुठे अमेरिकन विद्यापीठांत असे विभाग सुरू झाले. आपला इतिहास आपल्याला शिकायला मिळावा, तोही इतर विषयांच्या बरोबरीने, ही ती मागणी होती. त्याच विभागाचा कचऱ्याचा डबा केला गेला आणि ज्या समाजासाठी तो लढून मिळवला त्याच समाजातल्या कित्येक मुलांना तिथे नेऊन बसवलं. तिथले इतर प्राध्यापक इमानाने शिकवत होते, त्यांचंही नाव खराब झालं. गणिताच्या किंवा रसायनशास्त्राच्या विभागात असं १८ वर्षं चाललं असतं का? मला नाही वाटत. तिथे कुणीतरी तपासायला आलं असतं. जिथे कुणाला फारशी किंमत वाटत नाही, तिथेच तपासणी होत नाही.

आता बाजू मांडणारे काय म्हणतात, तेही पाहू.

ते म्हणतात, मुलांनाच सोपे मार्क हवे होते. जबरदस्ती कुणी केली नव्हती. खरं आहे, अनेकांनी खुशीने घेतले. निम्म्याहून जास्त तर खेळाडूही नव्हते. ती १८-२० वर्षांची माणसं होती, त्यांनाही जबाबदारी आहेच. पण दुकानदाराने भेसळ केली आणि गिऱ्हाइकाने स्वस्त म्हणून घेतली, तर परवाना कुणाचा रद्द होतो? शिवाय खेळाडूला कोणता वर्ग घ्यायचा हे सल्लागार सांगायचे आणि सल्लागारांना घाई होती ती मुलगा शनिवारी मैदानात उतरण्याची.

दुसरं म्हणणं: आता खेळाडूंना पैसे मिळतात, मग पदवीचं एवढं काय? जून २०२५मध्ये न्यायालयाने एक तडजोड मंजूर केली आणि कॉलेजांना खेळाडूंना वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटण्याची मुभा मिळाली. चांगलं झालं, कमाई त्यांचीच आहे. पण त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलमधल्या थोड्या मुलांकडे जातो आणि त्या दोन खेळांतूनही व्यावसायिक संघापर्यंत शंभरात दोघंही पोहोचत नाहीत. बाकीच्यांना बाविसाव्या वर्षी नोकरीच शोधायची आहे. पैसे आले म्हणून शिक्षणाचं वचन फिटत नाही. उलट आता धोका वाढला: संस्था म्हणेल, पैसे दिले ना, आणखी काय हवंय?

तिसरं म्हणणं सर्वांत घातक आणि ते मऊ आवाजात येतं: या मुलांची पार्श्वभूमीच अशी, त्यांच्याकडून फार अपेक्षा करू नये. ही दया नव्हे. कुणी आपल्या पोरांबद्दल म्हणतं की 'यांना शिक्षणाची आवडच नाही', तेव्हा आपण भडकतो. पण कुणी म्हणतं, 'जाऊ दे, यांना थोडं सोपं करून पास करा', तेव्हा आपण आभार मानतो. दोन्ही वाक्यं एकाच तोंडची आहेत. पहिलं दार बंद करतं, दुसरं दार उघडून आत रिकामी खोली दाखवतं. केविन रॉस यांना प्रवेश हवा होताच, पण सवलत संपते तिथून पुढे शिकवण्याची मेहनत सुरू व्हायला हवी होती. ती कुणी घेतली नाही.

मग मागणी काय करायची? अमेरिकेतले अनेक प्राध्यापक वर्षानुवर्षं सांगतायत ते अवघड नाही. प्रत्येक संघातले खेळाडू कोणते विषय घेतात, कोणत्या प्राध्यापकाकडे गर्दी करतात आणि त्यांचे मार्क इतरांच्या तुलनेत कसे आहेत, हे नावं वगळून जाहीर करा. आज हे मागितलं की विद्यापीठं विद्यार्थ्यांच्या खासगीपणाच्या कायद्याआड लपतात, जणू बेरजेलाही नाव-गाव असतं. खेळाडूंचे सल्लागार क्रीडा विभागाच्या पैशावर आणि मर्जीवर ठेवू नका. सराव वर्गाच्या आड येत असेल तर सराव हलवा, वर्ग नव्हे. आणि फसवणूक सिद्ध झाली तर जिंकलेलं अजिंक्यपद परत घ्या. 'सगळ्यांसाठी खुलं होतं' हा बचाव तर कायमचा बाद करा. सगळ्यांना फसवलं म्हणजे कुणालाच फसवलं नाही, असा न्याय जगात कुठेही चालू नये.

तुमच्यापैकी काही जण उद्या अमेरिकेत एमएस करायला जाल, काही इथेच शिकाल, काहींना खेळाच्या जोरावर प्रवेश मिळेल. जिथे जाल तिथे प्रवेशाच्या वेळी संस्था तुम्हाला शंभर कागद मागेल. मार्कशीट, दाखले, प्रमाणपत्रं, सगळं द्या, चोख द्या. पण तुम्हीही विचारा: माझा वर्ग भरतो का, शिकवणारा येतो का, माझा पेपर खरंच कुणी वाचतो का? उत्तर मिळालं नाही तर पुन्हा विचारा, लेखी विचारा, चार जणांनी मिळून विचारा. चॅपल हिलमध्ये हे प्रश्न १९९३मध्ये विचारायला हवे होते. ते मोठ्याने विचारले जाईपर्यंत ३,१०० जणांच्या हातात पोकळ मार्क पडले होते.